डब्याच्या फोटोवर लेबल बसवले, पण ते नंतर चिकटवल्यासारखेच दिसते

कोरापुठ्ठा

नमस्कार. टाल्कम पावडरच्या एका गोल पत्र्याच्या डब्यासाठी मी लेबल तयार केले आहे आणि डबा छापून येण्याआधी तो कसा दिसेल हे ग्राहकाला दाखवायचे आहे. डब्याचा व्यास ६६ मिलिमीटर असून लेबल डब्याला पूर्ण वेढा घालते, त्यामुळे त्याचे सपाट माप २०७ × १२० मिलिमीटर आहे. कोऱ्या पांढऱ्या डब्याचा फोटो मी स्वतःच काढला. प्रकाश डावीकडच्या एकाच खिडकीतून येतो आणि कॅमेरा झाकणाच्या किंचित वर होता.

फोटोशॉपमध्ये मी लेबलचा मधला ६६ मिलिमीटरचा भाग कापून घेतला, डब्याच्या रुंदीत बरोबर बसवला, वॉर्प या आकार वाकवणाऱ्या साधनातली कमान देऊन खालची आणि वरची कड वाकवली आणि लेयरचा मोड, म्हणजे तो थर खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत, मल्टिप्लाय केला. सावल्या लेबलवर उतरल्या, कडाही डब्याशी जुळल्या, तरीही पाहणारा पहिल्याच नजरेत सांगतो की हे नंतर चिकटवलेले आहे. चूक नेमकी कुठे आहे यावर मला बोट ठेवता येत नाही. डब्याच्या उजव्या-डाव्या कडांजवळची अक्षरे फार निवांत वाटतात आणि लेबलचा गडद निळा रंग अगदी मेलेला दिसतो, एवढेच मला सांगता येईल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तिरकीरेघ

कडांजवळची अक्षरे निवांत वाटतात, हे आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्याचे कारण आपणच लिहून ठेवले आहे. व्यास ६६ मिलिमीटर आहे म्हणून लेबलचा ६६ मिलिमीटर भाग घेतला, इथेच गाडी रुळावरून घसरली. समोरून पाहताना डब्याचा जवळजवळ अर्धा परीघ दिसतो. परीघ २०७ मिलिमीटर, म्हणजे लेबलचे सुमारे १०४ मिलिमीटर त्या ६६ मिलिमीटरच्या रुंदीत मावायला हवेत. कॅमेरा फार जवळ असेल तर त्याहून थोडे कमी दिसेल, पण ६६ नक्कीच नाही.

आता हे १०४ मिलिमीटर सगळीकडे सारखे दाबले जात नाहीत. डब्याच्या मध्यरेषेपासून एका बाजूला ९० अंशांचा भाग दिसतो असे धरा आणि त्याचे तीस-तीस अंशांचे तीन तुकडे करा. लेबलवर प्रत्येक तुकडा १७.३ मिलिमीटरचा आहे. फोटोत मात्र पहिला तुकडा १६.५ मिलिमीटर जागा घेतो, दुसरा १२.१ आणि कडेचा तिसरा जेमतेम ४.४. मधली अक्षरे जवळपास मूळ रुंदीची राहतात आणि कडेला पोहोचेपर्यंत ती चौथाई होतात. आपल्या मॉकअपमध्ये (छापण्यापूर्वीच्या नमुना चित्रात) मध्यभाग योग्य आहे आणि कडा पूर्णपणे सपाट आहेत. डोळ्याला गणित येत नसले तरी गोल वस्तू पाहण्याचा सराव जन्मापासूनचा असतो, त्यामुळे त्याला ते लगेच खुपते.

वॉर्पमधली नुसती कमान हे काम करत नाही, कारण ती आडव्या कडा वाकवते, पण उभ्या रेषा एकमेकींच्या जवळ आणत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये वॉर्पच्या यादीत सिलिंडर हा पर्याय आहे, तो दोन्ही गोष्टी एकदम करतो. जुनी आवृत्ती असेल किंवा स्वतःच्या हाताने करायचे असेल, तर फोटोवर डब्याच्या डाव्या कडेपासून रुंदीच्या ६.७, २५, ५०, ७५ आणि ९३.३ टक्क्यांवर उभे गाइड (मदतीच्या रेषा) टाका, लेबलचे सहा समान भाग करा आणि प्रत्येक भागाची सीमा त्या त्या गाइडवर नेऊन बसवा.

आणखी एक गोष्ट. वरची आणि खालची कड आपण सारखीच वाकवली असावी. कॅमेरा झाकणाच्या किंचित वर असेल तर झाकणाची कड जवळजवळ सरळ दिसते आणि जसजसे खाली जावे तसतशी गोलाई वाढते, कारण खालचे वर्तुळ आपण अधिक वरून पाहत असतो. वरची वक्रता झाकणाच्या कडेवरून आणि खालची वक्रता तळाच्या कडेवरून उचला. दोन्ही कडा फोटोतच आहेत, त्या अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही.

छायाप्रकाश

वरील प्रतिसादाने आकाराचा प्रश्न सुटेल. निळा रंग मेलेला का दिसतो, त्याविषयी मी लिहितो.

मल्टिप्लाय काय करतो ते आकड्यांत पाहू. दोन्ही लेयरच्या छटा (० म्हणजे काळी, २५५ म्हणजे पांढरी) एकमेकींनी गुणून तो २५५ ने भागतो. फोटोत डब्याचा उजेडातला भाग २२५ असेल आणि लेबलचा कागदी पांढरा २५५ असेल, तर उत्तर २२५ येते, म्हणजे डब्याचा पांढरा जसाच्या तसा राहतो. हे योग्यच आहे. सावलीतला भाग ९० असेल तर तिथला पांढरा ९० होतो. हेही योग्य. मात्र लेबलवरचा काळा ० असेल, तर तो उजेडातही ० आणि सावलीतही ०. कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या वस्तूवर असा काळा क्वचितच सापडतो. छापील काळ्यावरूनही थोडा प्रकाश परततो, त्यावर खोलीतला उजेड सांडतो, त्यामुळे फोटोत तो २० ते ३० च्या आसपास कुठेतरी येतो. त्याच फोटोत दुसरी एखादी काळी वस्तू असेल तर आयड्रॉपरने (छटा मोजणाऱ्या साधनाने) तिचा आकडा घ्या आणि लेबलवर क्लिप केलेल्या, म्हणजे फक्त लेबललाच लागू होणाऱ्या, लेव्हल्स या उजेड-काळोखाच्या नियंत्रणात आउटपुटचा काळा तेवढा वर उचला. एवढ्यानेही अर्धा जीव परत येतो.

उरलेला अर्धा जीव चकाकीत आहे. वस्तूवरून येणारा प्रकाश दोन प्रकारचा असतो. एक शाईत शिरून तिचा रंग घेऊन बाहेर पडतो आणि दुसरा वार्निशच्या पृष्ठभागावरूनच, कोणताही रंग न घेता, परत फिरतो. मल्टिप्लाय पहिल्याची नक्कल उत्तम करतो आणि दुसऱ्याला चक्क गिळून टाकतो. आपल्या पांढऱ्या डब्यावर डावीकडे खिडकीची जी उभी पांढरी पट्टी पडली असेल, ती गडद निळ्यावरही पांढरीच दिसायला हवी, उलट निळ्यावर ती अधिक ठळक दिसायला हवी. मल्टिप्लायनंतर तिथे फक्त निळा शिल्लक राहतो.

उपाय असा की डब्याच्या फोटोची एक प्रत लेबलच्या वर ठेवावी, तिचा मोड स्क्रीन करावा आणि लेव्हल्समधला डावा त्रिकोण उजवीकडे सरकवत न्यावा, जोपर्यंत खिडकीची पट्टी आणि पत्र्याच्या कडेची बारीक चमक सोडून सगळे काळे होत नाही. स्क्रीन मोडमध्ये काळा अदृश्य असतो, त्यामुळे उरते ती केवळ चकाकी. या लेयरचे रंग काढून टाकावेत आणि मास्क (लेयरचा दिसणारा भाग ठरवणारा साचा) डब्यापुरता ठेवावा. मॅट लॅमिनेशनचा डबा दाखवायचा असेल तर हाच लेयर थोडा ब्लर करून अपारदर्शकता कमी करावी, चकचकीत दाखवायचा असेल तर तसाच तीक्ष्ण ठेवावा. मॉकअपवर स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच दिलेले चकचकीत वार्निश) दाखवायचे असेल तेव्हाही हाच लेयर वापरतात, फक्त मास्क लेबलमधल्या त्या आकृतीचा असतो.

कोऱ्या डब्याचा फोटो काढताना पांढरा भाग २५५ ला जाऊन फुटू देऊ नये, हे जाता जाता सांगतो. पट्टी आणि तिच्या शेजारचा पांढरा एकाच आकड्यावर जाऊन बसले, तर नंतर त्यांना वेगळे करता येत नाही.

जुनाछापखाना

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, मात्र मल्टिप्लाय हा जणू सर्वमान्य पहिला टप्पा आहे असे धरून चर्चा पुढे चालली आहे, तिथे थोडे थांबावेसे वाटते. मी बरीच वर्षे छपाईपूर्व विभागात काम केले आहे, त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी असा असतो: शाई कशावर बसणार आहे?

चार रंगांच्या छपाईतली शाई पारदर्शक असते. खालचा कागद तिच्यातून दिसतो आणि पांढरा रंग म्हणजे शाई नसलेली जागा. मल्टिप्लाय हे बऱ्याच अंशी त्याच छपाईचे गणित आहे. धागालेखकांच्या डब्यावर आधीच पांढरा लेप आहे, त्यामुळे तिथे मल्टिप्लाय बरोबर बसतो. तेच लेबल तपकिरी क्राफ्ट पुठ्ठ्यावर घेऊन जा. पुठ्ठ्याची छटा १९०, १५०, १०५ आणि लेबलवरचा पिवळा २५५, २२०, ० असेल, तर मल्टिप्लायनंतर १९०, १२९, ० येते, म्हणजे पिवळ्याचा गढूळ गेरू होतो. संगणकावर हे पाहून नवखे डिझायनर घाबरतात, मोड नॉर्मल करतात आणि सुंदर झळझळीत पिवळा ग्राहकाला दाखवतात. छापखान्यातून मात्र गेरूच येतो, कारण मल्टिप्लाय खरे बोलत होता.

झळझळीत पिवळा हवाच असेल, तर त्याखाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, तो वेगळी शाई म्हणून छापला जातो आणि त्याचा खर्चही वेगळा असतो. असा थर ठरला असेल, तरच मॉकअपमध्ये त्या भागाचा मोड नॉर्मल ठेवावा आणि सावल्या वरून वेगळ्या लेयरने द्याव्यात. त्यातही पांढरा थर शंभर टक्के झाकत नाही, म्हणून त्या लेयरची अपारदर्शकता मी थोडी कमी ठेवतो, जेणेकरून पुठ्ठ्याचा अंश दिसत राहील. लेप नसलेल्या उघड्या पत्र्यावर पारदर्शक शाई छापली तर रंग धातूसारखे चमकतात आणि फॉइल असेल तर तिथे रंग नसून समोरच्या खोलीचे प्रतिबिंब असते. प्रत्येकाला वेगळा मोड, वेगळा मास्क. मोडची निवड ही सौंदर्यदृष्टीची बाब नसून छपाईच्या पद्धतीची नोंद आहे, असे मी मानतो.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. सुरुवातीच्या काळात क्राफ्टच्या एका खोक्याचा असाच उजळ मॉकअप मी मंजूर करून घेतला होता आणि छापून आलेल्या गठ्ठ्यांसमोर ग्राहक व मी दोघेही बराच वेळ गप्प उभे होतो.

धागालेखकांसाठी दोन किरकोळ सूचना. लेबलच्या फाइलमध्ये कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) असेल तर तो मॉकअपमध्ये आणू नका. छापल्यावर तो कापला जातो, आणि तो धरून लेबल बसवले तर सगळी रचना किंचित लहान होऊन कडेपासून आत सरकते. दुसरे असे की २०७ मिलिमीटर हे डब्याच्या परिघाचे तंतोतंत माप आहे. छपाई थेट पत्र्यावर होणार असेल तर छापखाना आपले माप देईलच, पण कागदी लेबल चिकटवायचे असेल तर एक टोक दुसऱ्यावर चढण्यासाठी काही मिलिमीटर जास्तीचे ठेवावे लागतील.

कोरापुठ्ठा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लेबल कागदी आहे, त्यामुळे टोकांची सूचना वेळेवर मिळाली. फाइल मी बदलली आहे.

रविवारी पुन्हा बसलो. सिलिंडर वॉर्प माझ्या आवृत्तीत आहे, पण त्यावर लगेच विश्वास ठेवण्याआधी मी एक खात्री करून घेतली. साध्या कागदाची पट्टी कापली, तिच्यावर दर १७.३ मिलिमीटरवर पेनाने उभ्या रेघा मारल्या, ती डब्याला घट्ट गुंडाळली आणि कॅमेरा तिवईवर त्याच जागी ठेवून फोटो काढला. या फोटोचा लेयर पन्नास टक्के अपारदर्शकतेने वर ठेवला आणि लेबलमध्येही तशाच रेघा तात्पुरत्या घातल्या. मधल्या रेघा जुळल्या, उजवीकडच्या शेवटच्या दोन मात्र जुळल्या नाहीत. कॅमेरा डब्याच्या अगदी समोर नव्हता, थोडा उजवीकडे सरकलेला होता, हे मला त्या रेघांनीच सांगितले. वॉर्पचे हँडल हलवून त्या जुळवून घेतल्या.

चकाकीचा लेयर घातल्यावर निळा रंग खरोखर जिवंत झाला. तरीही एक खटक शिल्लक आहे. दुरून पाहिले तर डबा खरा वाटतो, जवळून पाहिले की अक्षरे फोटोपेक्षा स्वच्छ दिसतात, जणू काचेपलीकडे डबा आहे आणि अक्षरे काचेवर लिहिली आहेत.

छायाप्रकाश

काचेवर लिहिल्याचा भास ही उपमा मला फार आवडली, कारण दोष अगदी तोच आहे. फोटो २०० टक्के मोठा करून झाकणाची कड पाहा. काळ्यातून पांढऱ्यात जायला तिला दोन-तीन पिक्सेल लागतात. आपल्या अक्षरांची कड मात्र एकाच पिक्सेलमध्ये संपते. भिंगाने आणि सेन्सरने झाकणाला जेवढे मऊ केले, तेवढेच अक्षरांनाही मऊ करायला हवे. गॉशियन ब्लर ०.५ पासून सुरू करा आणि झाकणाच्या कडेशी ताडून पाहा, बहुधा १ पिक्सेलच्या आतच जुळेल. डब्याच्या कडा कॅमेऱ्यापासून जरा मागे असतात. फोटो मोठ्या अ‍ॅपर्चरने काढला असेल तर तिथे ब्लर किंचित वाढवावा लागतो आणि त्यासाठी फिल्टरच्या मास्कवर ग्रेडियंट पुरेसा होतो.

त्यानंतर नॉइज. कोऱ्या डब्याच्या सावलीतल्या भागात बारीक दाणे दिसतील, लेबलवर एकही दिसणार नाही. अ‍ॅड नॉइजमध्ये गॉशियन आणि मोनोक्रोमॅटिक निवडून १ टक्क्यापासून वर जावे. लाल, हिरवा आणि निळा हे तीनही चॅनेल एकेक करून पाहिले तर तुलना सोपी होते. निळ्या चॅनेलमध्ये दाणे सहसा सर्वाधिक असतात.

हे दोन्ही फिल्टर स्मार्ट ऑब्जेक्टच्या (लेबलची मूळ फाइल आत जपून ठेवणाऱ्या लेयरच्या) बाहेर, स्मार्ट फिल्टर म्हणून लावा. आतल्या फाइलमध्ये लावले तर वॉर्पबरोबर दाणेही दाबले जातील आणि कडांजवळ त्यांच्या उभ्या रेषा होतील. फोटोतले दाणे कॅमेऱ्याचे असतात, त्यांना डब्याच्या गोलाईशी काही देणेघेणे नसते.

तिरकीरेघ

स्मार्ट ऑब्जेक्टचा विषय निघालाच आहे, तर एक युक्ती सांगतो. आतल्या फाइलचा कॅनव्हास फक्त दिसणाऱ्या भागाएवढा, म्हणजे १०४ × १२० मिलिमीटर ठेवा. ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) ते १२२८ × १४१७ पिक्सेल होतात. संपूर्ण लेबल त्यात एका लेयरवर ठेवा, त्याचे उरलेले भाग कॅनव्हासच्या दोन्ही बाजूंना बाहेर राहतील. आता तो लेयर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून फाइल सेव्ह केली की बाहेरच्या मॉकअपमध्ये डबा स्वतःभोवती फिरल्यासारखा दिसतो. घटकांची यादी दाखवायची असेल तर नवा फोटो काढायला नको, लेबल ५२ मिलिमीटर सरकवले की डबा पाव फेरा फिरतो.

लेबलची प्रत काढताना मात्र सावध राहावे. साधी प्रत काढली तर दोन्ही प्रती एकाच आतल्या फाइलला बांधलेल्या राहतात, एक बदलली की दुसरीही बदलते. टेबलावरच्या प्रतिबिंबासाठी हे वरदान आहे. पण दोन डब्यांवर दोन वेगळ्या वासांची लेबले हवी असतील, तर न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी हाच पर्याय वापरावा.

नवशिका

चर्चा फार उपयुक्त चालली आहे. माझी अडचण थोडी वेगळी आहे. मला लेबल डब्यावर न बसवता प्लॅस्टिकच्या पाउचवर बसवायचे आहे, ज्यावर सगळीकडे सुरकुत्या आहेत. डिस्प्लेस फिल्टर वापरून पाहिला, पण अक्षरे थरथरल्यासारखी दिसतात. शिवाय पाउचवर आधी छापलेल्या एका चिन्हाचा आकार माझ्या लेबलमध्ये भुतासारखा उमटला आहे.

तिरकीरेघ

डिस्प्लेस फिल्टरला सुरकुती कळत नाही, त्याला फक्त उजळ आणि गडद कळते. नकाशातली, म्हणजे त्याला दिलेल्या कृष्णधवल फोटोतली, १२८ ही छटा म्हणजे जागेवर राहा, त्याहून उजळ म्हणजे एका दिशेला सरक, गडद म्हणजे उलट दिशेला सरक. स्केल १०० असेल तर जास्तीत जास्त १२८ पिक्सेल सरकते, त्यामुळे कापड किंवा पाउचसाठी ५ ते १० च्या आसपासचे आकडे पुरतात.

थरथर येते ती नकाशातल्या दाण्यांमुळे. फोटो कृष्णधवल करून त्यावर दोन ते चार पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, म्हणजे दाणे जातील आणि सुरकुत्या राहतील. भुताचे कारण तर उघड आहे: जुने चिन्ह गडद होते, फिल्टरने त्याला खोल घडी समजून अक्षरे ओढली. नकाशा बनवण्याआधी ते चिन्ह हीलिंग ब्रशने पुसून टाका, शक्य असेल तर कोऱ्या पाउचचाच फोटो काढा. नकाशाची फाइल पीएसडीमध्ये (फोटोशॉपच्या स्वतःच्या स्वरूपात) आणि कामाच्या फाइलएवढ्याच पिक्सेल मापाची ठेवावी, नाहीतर घड्या एकीकडे आणि वळणे दुसरीकडे अशी गंमत होते.

नकाशातला लाल चॅनेल आडवे सरकवतो आणि हिरवा उभे. कृष्णधवल नकाशात दोन्ही सारखेच असल्याने सगळे तिरके सरकते. पाउचच्या सुरकुत्या बहुतेक उभ्या असतील तर उभा स्केल ० करून पाहा, अक्षरे आपापल्या ओळीवर राहून फक्त डावी-उजवीकडे वळतील.

एवढे करूनही हा फिल्टर अर्धसत्यच सांगतो. प्रकाश डावीकडून आला की सुरकुतीची डावी बाजू उजळ आणि उजवी गडद दिसते, म्हणून फिल्टर एकाच उंचवट्याला अर्धा उंच आणि अर्धा खोल समजतो. बारीक चुरगळीवर हे खपून जाते. मोठी घडी असेल, विशेषतः पाउच वर सील केलेला असतो तिथली, तर वॉर्पने किंवा पपेट वॉर्पने हातानेच वळवावी लागते.

मुक्तस्रोत

गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्यांसाठी नोंद: तिथल्या डिस्प्लेस फिल्टरला आडव्या आणि उभ्या सरकण्यासाठी दोन वेगळे नकाशे देता येतात, त्यामुळे तिरके सरकण्याचा प्रश्न मुळातच येत नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लेयरवर तसेच ठेवून नंतर बदलता येतात, ही मोठी सोय झाली आहे.

कोरापुठ्ठा

ब्लर आणि नॉइज दिल्यावर काच नाहीशी झाली. लेबल सरकवून डबा फिरवण्याची युक्ती तर मी ग्राहकाच्या डोळ्यांदेखत करून दाखवली.

पण आता एक वेगळीच पंचाईत झाली आहे. उत्पादनाचे नाव लेबलवर ६२ मिलिमीटर रुंद आहे. माझ्या पहिल्या चुकीच्या मॉकअपमध्ये ते डब्याच्या रुंदीत अगदी ऐटीत बसले होते. योग्य वॉर्प दिल्यावर पहिले आणि शेवटचे अक्षर बारीक होऊन कडेकडे वळलेले दिसते आणि ग्राहकाला आधीचेच चित्र जास्त आवडते. वॉर्प थोडा सैल करून मधला मार्ग काढावा का?

जुनाछापखाना

कृपया तसे करू नका. नाव ६२ मिलिमीटर रुंद असेल तर त्याचे टोक मध्यरेषेपासून ३१ मिलिमीटरवर, म्हणजे डब्यावर सुमारे ५४ अंशांवर येते, आणि तिथे अक्षराची रुंदी मूळच्या साठ टक्क्यांहूनही कमी दिसते. छापून आलेला डबा हातात घेतल्यावर ग्राहकाला हेच दिसणार आहे. मॉकअप सैल केला तर तक्रार फक्त काही आठवडे पुढे ढकलली जाईल.

मी दंडगोलावर मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंश ही नावासाठीची हद्द मानतो. आपल्या डब्यावर ती ५२ मिलिमीटर येते. जोडाक्षरांचे नाव असेल तर त्याहूनही आत राहावे, कारण आडवी दाबली गेल्यावर जोडाक्षरे आधी गुदमरतात. बारकोड आधीच कडेला ठेवला असेल तर त्याकडेही पाहून घ्या. लहान व्यासाच्या गोल वस्तूवर बारकोडच्या रेषा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ठेवतात, म्हणजे गोलाईमुळे त्यांच्यामधली अंतरे बदलत नाहीत.

कोरापुठ्ठा

नाव दोन ओळींत केले, रुंदी आता ४४ मिलिमीटर आहे. आतली फाइल सेव्ह केली आणि वॉर्प, सावल्या, चकाकी, दाणे सगळे जागच्या जागी राहून फक्त नाव बदलले. ग्राहकाला दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवली, सोबत कागदाची पट्टी गुंडाळलेला खरा डबाही ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन दोनदा फिरवला आणि दोन ओळींचे नाव मंजूर केले. बारकोडच्या रेषा उभ्या होत्या, त्याही आडव्या केल्या. अंतिम चित्र वर जोडले आहे.

तिरकीरेघ

चित्र पाहिले, अभिनंदन. लेबलची खालची कड उजवीकडे तळाच्या कडेपासून दोन पिक्सेल वर राहिली आहे, तेवढी खाली घ्या. शिवाय टेबलावरच्या प्रतिबिंबात अजून जुनेच एका ओळीतले नाव दिसते आहे. तिथे आपण बहुधा स्मार्ट ऑब्जेक्टची स्वतंत्र प्रत काढली असावी.

कोरापुठ्ठा

होय, स्वतंत्रच प्रत निघाली होती. ती काढून साधी प्रत उलटी करून ठेवली आहे, खालची कडही दुरुस्त केली. नवे चित्र जुन्याच्या जागी टाकले आहे.